कर्करोगाची नवी औषधे आणि पाड्यावरचे आपले काम

(आरोग्यरक्षक प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सकाळी तुम्ही सर्पदंश आणि सिकलसेल हे दोन विषय ऐकलेत. जेवणानंतरचे सत्र माझ्या वाट्याला आले आहे, तेव्हा कुणाला डुलकी लागली तर मी रागावणार नाही. विषय मात्र मी मुद्दाम मागून घेतला. मी शहरात कर्करोग विभागात काम करते आणि महिन्यातून एकदा जव्हार-मोखाड्याच्या बाजूला शिबिरासाठी येते. पूर्वी आपल्या पाड्यावरचा कर्करोगाचा रुग्ण मुंबईहून परत यायचा तो ऑपरेशन करून, शेक घेऊन, नाहीतर केमो घेऊन. आता काही रुग्ण गोळ्यांचा डबा घेऊन परत येतात. काही जण दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध घ्यायला जातात. डोक्यावर केस असतात, चालतात-फिरतात, शेतावरही जातात. मग एक दिवस घरचे तुमच्याकडे येऊन विचारतात, "ताई, गोळी चालू केली आणि तोंडभर फोड आले. बंद करू का?"

हा प्रश्न आधी तुम्हालाच विचारला जातो, कारण रुग्णालय शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब आहे. आम्ही रुग्णाला महिन्यातून एक दिवस पाहतो, उरलेले एकोणतीस दिवस तो तुमच्या डोळ्यांसमोर असतो. म्हणून ही औषधे काय करतात, कुठे त्रास देतात आणि कधी गाडी बोलवायची, एवढे तुम्हाला माहीत असले पाहिजे.

केमो आणि नवी औषधे यांत फरक काय?

कर्करोगाची पेशी बाहेरून येत नाही. ती आपल्याच शरीरातली, बिघडलेली पेशी असते. भातात कधी कधी भातासारखेच दिसणारे तण उगवते, ते ओळखायला अनुभवी बाईच लागते, तसेच हे आहे. केमोचे औषध चेहरा ओळखत नाही. जी पेशी भराभर वाढते तिच्यावर ते घाव घालते. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून मरतात. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजात तयार होणारे रक्त यांचीही वाढ भराभर होते. म्हणून केस जातात, तोंड येते, उलट्या होतात, रक्त कमी होते.

नवी औषधे खूण पाहून काम करतात. कर्करोगाच्या पेशीवर किंवा पेशीच्या आत एखादे प्रथिन असे असते, की त्याच्या जोरावर ती पेशी वाढते. औषध नेमके तिथे जाऊन बसते. आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ती खूण बहुतेक वेळा निरोगी पेशींवरही थोडीफार असते. ज्या अवयवावर ती असेल, त्या अवयवाला त्रास होतो. म्हणून या औषधांचे दुष्परिणाम केमोपेक्षा वेगळे असतात. "केमो नाही, म्हणजे त्रास नाही" असे कुणी सांगितले तर ते खरे मानू नका.

नावावरून औषधाची जात ओळखता येते. नावाच्या शेवटी 'निब' असेल, जसे इमॅटिनिब, जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब, तर ती साधारणपणे गोळी असते. तिचा रेणू लहान असतो, तो पेशीच्या आत शिरतो आणि आतले बटण बंद करतो. नावाच्या शेवटी 'मॅब' असेल, जसे ट्रास्टुझुमॅब, रिटुक्सिमॅब, तर ते इंजेक्शन असते. ते म्हणजे प्रतिपिंड, आपले शरीर रोगजंतूंविरुद्ध बनवते तसे प्रथिन. ते कारखान्यात जिवंत पेशींकडून तयार करून घेतात, म्हणून अशा औषधांना जैविक औषधे म्हणतात. एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये शोधली. त्यांना १९८४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्ताच्या कर्करोगाची रोजची गोळी

सुरुवात इमॅटिनिबपासून करू, कारण तुमच्यापैकी तिघा-चौघांच्या पाड्यांवर ही गोळी घेणारा माणूस आहे. रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार आहे, त्याला सीएमएल म्हणतात. यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, पाणथरी मोठी होते, पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटते. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवले, की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्या अदलाबदलीतून एक बिघडलेले प्रथिन तयार होते. शेतातल्या पंपाचे बटण अडकून पडावे आणि पंप रात्रंदिवस चालू राहावा, तसे ते प्रथिन पेशीला "वाढ, वाढ" असे सांगत राहते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि पंप बंद होतो. हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले. ज्या मोठ्या अभ्यासात त्याची परीक्षा झाली, त्यात दहा वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८३ रुग्ण हयात होते.

आपल्या देशात या गोळीचा इतिहास पैशाचाही आहे. मूळ परदेशी गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ-दहा हजार. पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. त्यामुळे भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली.

आता त्रास. डोळ्यांभोवती सूज येते, सकाळी जास्त दिसते. पायात गोळे येतात, मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ. गोळी जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतली की मळमळ कमी होते. उपाशीपोटी नको. सूज एकदम वाढली, वजन भराभर चढले, धाप लागली किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी कळवायचे.

या गोळीचा सर्वात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. ती घेतल्यावर माणसाला अगदी बरे वाटते. एका पाड्यावरचा सव्वीस वर्षांचा तरुण माझ्याकडे येत असे. वर्षभरात त्याचे रक्त सुधारले, पाणथरी बसली. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर भिवंडीकडे गेले, गोळ्या संपल्या आणि तो पुढची तारीख घ्यायला आलाच नाही. शिमग्याला घरी परतला तेव्हा पोट पुन्हा फुगलेले. मी विचारले तर म्हणाला, "मला काही होतच नव्हतं, मग गोळी कशाला खायची?" त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर होते. ताप उतरला की आपण सगळेच गोळी थांबवतो. पण इथे गोळी पंप बंद ठेवते, पंप मोडून टाकत नाही. मधे खंड पडला की पेशी पुन्हा वाढतात, आणि त्यांतल्या काही अशा बदलतात की तीच गोळी पुढे लागू पडत नाही. या तरुणाला ती पुन्हा लागू पडली. आता स्थलांतराच्या आधी त्याच्या पाड्यावरची ताई आम्हाला फोन करते आणि आम्ही तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतो. एका फोनचे काम आहे, पण तो फोन करणारे कुणीतरी हवे.

फुप्फुस, स्तन आणि इतर

फुप्फुसाच्या कर्करोगात काही जणांच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या प्रथिनात बदल झालेला असतो. कधीही विडी न ओढलेल्या बायांमध्येही हा प्रकार दिसतो. त्यांना जेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ऑसिमर्टिनिब या गोळ्या देतात. हेच प्रथिन त्वचेच्या वाढीलाही लागते. म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर आणि छातीवर पुटकुळ्या उठतात, नखांच्या कडा सुजतात, जुलाब होतात. गावात कुणी म्हणते देवी आल्या, कुणी म्हणते महारोग. घरातली माणसे ताट वेगळे करतात. तिथे तुम्ही ठामपणे सांगायचे, की हा संसर्ग नाही, हे औषधाचे लक्षण आहे. कडक साबण नको, उन्हात डोके-तोंड झाकायचे, त्वचा कोरडी पडू द्यायची नाही, मुरमांची क्रीम लावायची नाही. जुलाबाला लगेच ओआरएस. पण नव्याने कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. क्वचित या गोळ्यांनी फुप्फुसालाच सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते.

स्तनांच्या कर्करोगात शंभरातल्या साधारण १५ ते २० बायांच्या गाठीवर हर-टू नावाचे प्रथिन फार जास्त असते. त्यांच्यासाठी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. ते १९९८ मध्ये आले, आणि आता भारतात तयार होणारे त्याचे स्वस्त जैवसदृश औषधही मिळते. सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा दर तीन आठवड्यांनी, वर्षभर देतात. पहिल्या डोसाच्या दिवशी थंडी वाजून ताप येऊ शकतो. हेच प्रथिन हृदयाच्या स्नायूला दुरुस्तीसाठी लागते, म्हणून काही जणींचे हृदय कमजोर होते. त्यासाठी ठरावीक काळाने इको तपासणी करतात. बाई म्हणाली, "रात्री आडवी झाले की दम कोंडतो, उशी उंच लागते," किंवा पायांवर सूज दिसली, तर तिची इकोची तारीख उलटली आहे का ते पाहा आणि तिला लगेच पाठवा. वेळेवर कळले तर औषध थांबवून हृदय बहुधा सावरते.

लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत रिटुक्सिमॅब देतात. कर्करोगासाठी मंजूर झालेले हे पहिले प्रतिपिंड, १९९७ सालचे. ते बी-पेशींवरच्या खुणेला चिकटते, आणि निरोगी बी-पेशीही त्यात जातात. मग यकृतात दबून बसलेली हिपॅटायटिस-बी ची कावीळ पुन्हा उसळू शकते, कधी कधी उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनीही. आपल्याकडे कावीळ म्हटले की झाडपाल्याचे औषध आधी होते. भगतांशी भांडू नका, ते तुमच्याच गावचे आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. पण त्यांना आधीच सांगून ठेवा, की या माणसाचे डोळे पिवळे झाले तर आधी आम्हाला हाक मारा.

बेव्हासिझुमॅब हे औषध गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही. जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात, म्हणून जखमा उशिरा भरतात. रक्तदाब चढतो, रक्तस्राव होऊ शकतो. असा रुग्ण दात काढायला निघाला असेल तर त्याला थांबवा, आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारू द्या.

ब्रेक सोडणारी औषधे

आपल्या पांढऱ्या पेशींना ब्रेक असतात, नाहीतर त्या आपल्याच अंगावर तुटून पडतील. कर्करोग हे ब्रेक दाबून धरतो. ते सोडवणारी औषधे म्हणजे निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे. या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. औषध अतिशय महाग आहे. म्हणून मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावर स्वस्त गोळ्यांबरोबर निव्होलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस देऊन पाहिला, म्हणजे नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून सुमारे ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूमुळे आपल्या भागात तोंडाचे कर्करोग किती दिसतात हे तुम्ही जाणता, म्हणून हे मुद्दाम सांगितले. पण हा आयुष्य वाढवणारा उपाय आहे. सुरुवातीचा पांढरा चट्टा वेळेवर दाखवणे यापेक्षा कितीतरी चांगले.

ब्रेक सुटले की पांढऱ्या पेशी कधी आपल्याच आतड्याला, फुप्फुसाला, यकृताला, थायरॉइडला लागतात. जुलाब, खोकला, कावीळ, विलक्षण थकवा, काहीही होऊ शकते, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकते. इथे साधी जुलाब थांबवणारी गोळी देऊन घरी बसवणे धोक्याचे आहे. याला स्टेरॉइड लागते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. स्टेरॉइडने दबलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून घरात कुणाला टीबी झाला होता का, हे तुम्ही आम्हाला कळवले तर मोठी मदत होते.

याच्याही पुढचा उपचार म्हणजे रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना प्रयोगशाळेत कर्करोगाची खूण ओळखायला शिकवून परत देणे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांनी मिळून तयार केलेल्या अशा भारतीय उपचाराचे लोकार्पण ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. तो अजून मोजक्याच रुग्णांसाठी आणि मोठ्या रुग्णालयांतच आहे.

आपल्या भागासाठी दोन खास सूचना

पहिली सिकलसेलची. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी फिलग्रास्टिम नावाचे इंजेक्शन देतात. हेही जैविक औषधच. पुष्कळदा ते रुग्णाबरोबर घरी पाठवतात आणि तुमच्या उपकेंद्रात टोचले जाते. बहुतेकांना त्याने फक्त हाडे दुखतात. पण सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाला त्याने तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाचे सिकलसेल कार्ड शहरातल्या फायलीला लावून पाठवा. शहरात ते विचारले जाईलच असे धरून चालू नका. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचे, बर्फाला चिकटू द्यायचे नाही. लसीच्या डब्याची सवय तुम्हाला आहेच.

दुसरी टीबीची. लघवी लाल करणारी टीबीची गोळी, रिफाम्पिसिन, यकृताला इतके कामाला लावते, की इमॅटिनिब, जेफिटिनिब, ऑसिमर्टिनिब यांसारखी औषधे शरीरातून लवकर निघून जातात. रुग्ण रोज गोळी घेतो आणि तिचा परिणाम मात्र होत नाही. दोन्हींपैकी एकही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची नावे कळवायची, मग ते मार्ग काढतात. झाडपाल्याचे औषध चालू असेल तर तेही सांगायचे. रुग्ण आमच्यापुढे ते लपवतो, तुमच्यापुढे लपवत नाही.

तुमच्या वहीसाठी

वहीत प्रत्येक रुग्णासाठी एक पान ठेवा. औषधाचे नाव, सुरू झाल्याची तारीख, पुढची तारीख, घरात किती गोळ्या शिल्लक, कुटुंब स्थलांतराला कुठे आणि कधी जाते, तिथला फोन. बाई मूल होण्याच्या वयाची असेल तर पाळी चुकली का, हेही विचारा, कारण यांतली बरीच औषधे पोटातल्या बाळाला घातक आहेत.

१०८ ला फोन कधी करायचा? १००.४ अंशांपेक्षा जास्त ताप, धाप, छातीत दुखणे, न थांबणारे जुलाब, रक्तस्राव, डोळे पिवळे होणे, माणूस भ्रमात बोलू लागणे. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. गाडीत बसवताना औषधाचा डबा आणि फाइल बरोबर द्या.

पैशाबद्दल एकच सांगते. ही औषधे प्रत्येकाला लागू पडत नाहीत. गाठीची तपासणी करून खूण सापडली, तरच उपयोग होतो. त्यामुळे "अमुक इंजेक्शन आणा, बरा होईल" असे ऐकून कुणी बैल विकायला निघाले तर त्याला थांबवा. तपासणी झाली का, महात्मा जोतीराव फुले योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये हे औषध बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायला लावा. आणि डॉक्टरांना सरळ विचारायला सांगा, "यानं बरं होईल, की दिवस वाढतील? वाढले तर साधारण किती?" हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. उत्तर ऐकून घरच्यांनी कोणताही निर्णय घेतला, तरी तुमचे जाणे-येणे थांबवू नका.

माझे बोलणे इथे संपले. चहा येईपर्यंत प्रश्न विचारा. ज्यांच्या पाड्यावर असा रुग्ण आहे, त्यांनी आज निघण्यापूर्वी त्याच्या औषधाचे नाव आणि स्थलांतराचा महिना माझ्याकडे लिहून द्यावा. दिवाळी जवळ आली आहे.